झोपेत चाललेलं काम

२० नोव्हेंबर २०२४, बुधवार

भाचीने आज भिंतीवर नवं वेळापत्रक डकवलं. सेकंड पीयूसीची, म्हणजे बारावीची, परीक्षा मार्चमध्ये. रात्री एकला निजायचं, पहाटे पाचला उठायचं, बाकी सगळा अभ्यास. मधल्या चार तासांची चौकट तिने कोरीच ठेवली आहे. मी विचारलं, "इथे काही लिहिलं नाहीस?" तर म्हणाली, "मावशी, तेव्हा मी झोपलेली असणार. त्यात काय लिहू?"

त्या चौकटीत काय लिहायचं, ते मी इथे टिपून ठेवणार आहे. शाळेत मी जीवशास्त्र शिकवायचे, तेव्हा पुस्तकात झोपेला जेमतेम एक परिच्छेद मिळायचा, आणि त्यातही शरीराला विश्रांती मिळते एवढंच. निवृत्तीनंतर सवडीने वाचत गेले. झोपेत मेंदू विसावत नाही, दिवसभर जे घेतलं त्यावर काम करतो, हे जसजसं कळत गेलं तसतशी या मुलांची काळजी वाढत गेली.

या शोधाची सुरुवात शंभर वर्षांपूर्वीची. १९२४ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जेंकिन्स आणि डॅलेनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांकडून निरर्थक अक्षरगट पाठ करून घेतले. कधी पाठांतरानंतर त्यांना झोपू दिलं, कधी जागं ठेवलं, आणि एक, दोन, चार, आठ तासांनी तेच म्हणून घेतलं. प्रत्येक वेळी झोपेनंतर जास्त आठवलं. झोपेत नवं काही कानांवर पडत नाही म्हणून जुनं पुसलं जात नाही, असा त्यांनी अर्थ लावला. तो अपुरा होता, हे पुढे कळलं.

भाचीला मी दुसरा प्रयोग सांगितला, हार्वर्डच्या रॉबर्ट स्टिकगोल्ड यांचा, २००० सालचा. पडद्यावर क्षणभर चमकणाऱ्या रेघांतला फरक ओळखायचा सराव लोकांना दिला. रात्री झोपले त्यांची नजर पुढच्या दिवसांत सुधारली. काहींना मात्र सरावानंतरची पहिली रात्र जागवलं आणि मग सलग दोन रात्री पोटभर झोपू दिलं. त्यांच्यात सुधारणा झालीच नाही. तो सराव नजरेचा होता, रसायनशास्त्रातल्या समीकरणांना तो जसाच्या तसा लागू करता येणार नाही, हे मी तिला सांगितलं. पण पहिल्या रात्रीची झोप नंतर भरून काढली तरी तिचं काम भरून निघेलच असं नाही, ही गोष्ट कुठल्याही विद्यार्थ्याने मनावर घ्यावी अशी आहे.

तिने ऐकून घेतलं. "उद्या टेस्ट आहे," म्हणाली आणि दार लोटून घेतलं.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

सासूबाईंचं माहेर जमखंडीचं. त्यांच्या लहानपणी दिवेलागण झाली की सगळी भावंडं ओळीने बसून पर्वचा म्हणत: पाढे, पावकी, निमकी, दिडकी, औटकी, मग तिथी, नक्षत्रं, स्तोत्रं. नंतर जेवण, आणि थोड्याच वेळात अंथरुणं. घरात वीज नव्हती, त्यामुळे त्यानंतर जागायचं कारणही नव्हतं.

आज वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्या औटकी न अडखळता म्हणतात. सकाळी कोण येऊन गेलं ते मात्र दुपारी आठवत नाही. आज तर दूधवाल्याचे पैसे दिले का, हे त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं. "दिले हो आई," मी म्हणत राहिले.

पर्वचेची वेळ ज्या कुणी ठरवली, त्याने फार नेमकी ठरवली. २००६ साली जर्मनीत स्टेफन गाइस आणि यान बॉर्न यांच्या गटाने शाळकरी मुलांना इंग्रजी-जर्मन शब्दांच्या जोड्या पाठ करायला दिल्या होत्या. पाठांतरानंतर काही तासांत झोप मिळाली तर जोड्या चांगल्या टिकल्या; दिवसभर जागं राहून मग झोपलेल्यांच्या तितक्या टिकल्या नाहीत. सासूबाईंची औटकी पक्की झाली ती वर्षानुवर्षांच्या घोकंपट्टीने, हे खरंच. पण प्रत्येक दिवसाच्या घोकंपट्टीवर लगेच एक आख्खी रात्र येत होती, आणि ती रात्र कुणी कापत नव्हतं.

२५ नोव्हेंबर, सोमवार

कार्तिकातला शेवटचा सोमवार, आज बंगळूरच्या बसवनगुडीत कडलेकाई परिषे, शेंगांची जत्रा. दोड्ड बसवण्णाच्या देवळापासून बुल टेंपल रोडभर भुईमुगाच्या शेंगांच्या राशी. वाहतूक बंद, माणसांना पाय ठेवायला जागा नाही. कोलार, चिक्कबळ्ळापूर, मागडीकडचे शेतकरी आणि तमिळनाडूतलेसुद्धा. कच्च्या, भाजलेल्या, उकडलेल्या शेंगा, पिपाण्या, कर्णे, पाळणे, साखरेचे बत्तासे, देवळाबाहेर रांग. पहिलं पीक नंदीला वाहायची ही प्रथा शेकडो वर्षांची, आणि मला ती फार प्रिय आहे.

रात्री अकराच्या सुमारास हे आणि मी पुन्हा एक फेरी मारून आलो. एका राशीशेजारी गोणपाट टाकून एक बाई झोपल्या होत्या. हाताच्या अंतरावर पोरं पिपाण्या फुंकत होती, पलीकडे लाउडस्पीकर. त्या बाईंचा श्वास संथ चालला होता, एकदाही पापणी हलली नाही. इकडे आमच्या घरी खिडक्या बंद करूनही सासूबाई तासातासाला उठून बसत होत्या.

हा फरक नुसत्या थकव्याचा नाही. मेंदूच्या मध्यावर थॅलॅमस नावाचा भाग आहे. डोळे, कान, त्वचा यांच्याकडून आलेला संदेश इथून पुढे मेंदूच्या बाहेरच्या थराकडे, म्हणजे कॉर्टेक्सकडे जातो. थॅलॅमसला वेढून पेशींचा एक पातळ पडदा असतो. आपल्याला झोप लागली की या पडद्यातल्या पेशी मधूनमधून एका ठेक्यात काम करू लागतात. सेकंदाला साधारण ११ ते १६ आवर्तनं, आणि तीही अर्धा ते दोन सेकंद, मग थांबतात. मेंदूच्या लहरी नोंदवणाऱ्या ईईजीच्या कागदावर हा झटका सुरुवातीला बारीक, मध्ये फुगीर, शेवटी पुन्हा बारीक दिसतो, सूत गुंडाळलेल्या चातीसारखा. म्हणून त्याला स्पिंडल म्हणतात. १९३५ साली न्यूयॉर्कजवळच्या टक्सिडो पार्कमध्ये आल्फ्रेड लूमिस या श्रीमंत माणसाने आपल्या खासगी प्रयोगशाळेत त्याची पहिली नोंद केली.

स्पिंडल चालू असतो तेवढा वेळ बाहेरचा आवाज कॉर्टेक्सपर्यंत नीट पोचत नाही. २०१० साली बोस्टनमध्ये तान दांग-वू आणि सहकाऱ्यांनी १२ निरोगी माणसांना प्रयोगशाळेत झोपवलं. पहिली रात्र शांत ठेवली, पुढच्या रात्री फोनची घंटी, रहदारी असे आवाज हळूहळू वाढवत सोडले. शांत रात्री ज्यांच्या मेंदूत स्पिंडल जास्त दिसले होते, त्यांची झोप आवाजात कमी मोडली. कुणाला गोंगाटात झोप लागते आणि कुणाला टाचणी पडली तरी जाग येते, यातला काही भाग तरी मेंदूच्या या घडणीत आहे. वय वाढतं तसे स्पिंडल कमी होतात. सासूबाई 'फार हळव्या झोपेच्या' आहेत असं घरात सगळे म्हणतात. त्यात त्यांचा काही दोष नाही.

हाच स्पिंडल स्मरणाच्या कामातही आहे. त्याबद्दल लिहायचं आहे, पण आता बारा वाजून गेले.

२७ नोव्हेंबर, बुधवार

पहाटे गांधी बझारला फुलं आणायला गेले. शेवंती, कनकांबरा, आणि गुलाबांच्या टोपल्या. गुलाबावरून आठवलेला प्रयोग दुपारी भाचीला सांगितला. जर्मनीत ब्यॉर्न राश आणि यान बॉर्न यांनी २००७ साली केलेला. मुलं संध्याकाळी पत्त्यांच्या जोड्यांच्या जागा लक्षात ठेवत होती, तेव्हा खोलीत गुलाबाचा वास सोडला. रात्री गाढ झोपेत तोच वास पुन्हा सोडला. सकाळी त्यांना सुमारे ९७ टक्के जागा आठवल्या, झोपेत वास न दिलेल्या रात्रीनंतर ८६ टक्के. हाच वास स्वप्नांच्या झोपेत दिला तर काही फरक पडला नाही. वास थॅलॅमसला वळसा घालून आत जातो, त्यामुळे मुलं जागीही झाली नाहीत. ज्या वासाच्या संगतीत शिकलं, तो वास पुन्हा आला आणि मेंदूने तो धडा पुन्हा काढला.

"मग मी उशाशी गुलाब ठेवू?" तिने विचारलं. म्हटलं, ठेव, पण आधी गाढ झोप तर येऊ दे. चार तासांतली कुठली चोरणार?

३० नोव्हेंबर, शनिवार

भाचीला घेऊन निम्हान्स या इथल्या मेंदू आणि मानसिक आरोग्याच्या संस्थेच्या मेंदू संग्रहालयात गेले. लालबागच्या बाजूने होसूर रोडला लागलं की आपल्याकडून फार लांब नाही, तरी इतकी वर्षं बसवनगुडीत राहणाऱ्या कितीतरी लोकांनी ते पाहिलेलं नाही. काचेच्या बरण्यांत मेंदू ओळीने मांडलेले: निरोगी, पक्षाघाताचे, गाठींचे, अल्झायमरने आक्रसलेले. हातमोजे घालून खरा मेंदू हातात घेता येतो. सव्वा-दीड किलो वजन. भाचीने तो दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ काही बोलली नाही.

कापलेल्या चकतीत कानशिलाच्या आतल्या बाजूला हिप्पोकॅम्पसची वळकटी दिसते. करंगळीएवढी. आज सकाळी काय झालं, कुठे झालं, कुणाबरोबर झालं, हे सगळं आधी इथे येतं. अल्झायमरच्या मेंदूत हीच जागा लवकर झडते. सासूबाईंचा दूधवाला तिथेच हरवत असेल का, असं मनात आलं आणि घशाशी दाटलं.

परतताना रिक्षात भाचीने विचारायला सुरुवात केली. मला जमलं तसं सांगितलं ते असं.

उंदीर एखाद्या वाटेने धावतो तेव्हा त्याच्या हिप्पोकॅम्पसमधल्या ठरावीक पेशी ठरावीक जागांवर पेटतात. १९९४ साली मॅथ्यू विल्सन आणि ब्रूस मॅकनॉटन यांनी दाखवलं, की धावताना ज्या पेशी एकत्र पेटल्या होत्या, त्या नंतरच्या झोपेत पुन्हा एकत्र पेटतात. पुढच्या अभ्यासांत दिसलं, की वाटेचा क्रमही पुन्हा उमटतो आणि तोसुद्धा प्रत्यक्ष धावण्यापेक्षा कितीतरी वेगाने. उंदीर झोपलेला असतो आणि त्याचा मेंदू वाट पुन्हा चालत असतो.

माणसात हे कसं घडतं? गाढ झोपेत कॉर्टेक्सच्या असंख्य पेशी मिळून एका संथ लाटेत येतात. सेकंदाला एक किंवा त्याहूनही कमी. लाटेच्या एका टोकाला सगळ्या गप्प, दुसऱ्या टोकाला सगळ्या जाग्या. ही मंद लहर मिर्सेआ स्तेरियादे यांनी १९९३ मध्ये उलगडून दाखवली. पेशी जाग्या होतात त्या टोकावर थॅलॅमसचा स्पिंडल येऊन बसतो, आणि स्पिंडलच्या खाचांत हिप्पोकॅम्पसमधून रिपल नावाच्या अतिशय जलद लहरी येतात. रिपलमध्ये दिवसाचा धडा पुन्हा उमटतो; स्पिंडलच्या वेळी कॉर्टेक्सच्या पेशी आपले जोड बदलायला तयार असतात. डोक्यावर चिकटवलेल्या तारांना रिपल कळत नाहीत. २०१५ साली बर्नहार्ड स्टारेसिना आणि सहकाऱ्यांनी अपस्माराच्या अशा रुग्णांच्या नोंदी तपासल्या, ज्यांच्या मेंदूत उपचारांसाठी आतून तारा घातलेल्या होत्या. लहरीत स्पिंडल आणि स्पिंडलमध्ये रिपल ही तिहेरी बांधणी तिथे माणसात स्पष्ट दिसली.

म्हणजे वही मिटल्यावर अभ्यासाचा दुसरा भाग सुरू होतो, आणि त्यासाठी मुलीने काहीच करायचं नसतं. फक्त त्याला वेळ द्यायचा असतो.

२ डिसेंबर, सोमवार

फेंगल वादळाचा पाऊस. कालपासून आभाळ उतरलेलं, हवा गार. भाची सकाळी साडेसातपर्यंत झोपली आणि उठल्यावर एक लांबलचक स्वप्न सांगत बसली.

रात्रीच्या पहिल्या भागात गाढ झोप जास्त, पहाटेच्या बाजूला स्वप्नांची. डोळे पापण्यांखाली भराभर फिरतात ती ही झोप. १९५३ मध्ये शिकागोत युजीन असेरिन्स्की आणि नथॅनियल क्लाइटमन यांनी ती जगासमोर मांडली. असेरिन्स्कीने आधी आपल्या लहान मुलाच्याच डोळ्यांवर तारा लावून पाहिल्या होत्या. भावनांशी जोडलेल्या आठवणी निवळतात त्या या झोपेत, असं बरेच संशोधक मानतात. अजून त्यावर वाद आहे. पण जो विद्यार्थी चारच्या गजराने उठतो, त्याची कापली जाते ती बहुतांशी हीच साखरझोप.

५ डिसेंबर, गुरुवार

काल रात्र रुग्णालयात गेली. यांचं घोरणं गेल्या वर्षभरात वाढलं होतं, मध्येच श्वास अडकून दचकायचे आणि दिवसा पेपर वाचता वाचता डुलकी लागायची. डॉक्टरांनी रात्रभराची झोपेची तपासणी लिहून दिली.

तंत्रज्ञ मुलगी आठ वाजता कामाला लागली. टेपने डोकं मोजलं, पेन्सिलीने खुणा केल्या, त्वचा घासून चिकट पेस्टने तारा बसवल्या. डोक्यावर, कानांमागे, डोळ्यांच्या कडांना, हनुवटीला, पायांच्या पोटऱ्यांना. छाती-पोटावर पट्टे, नाकाखाली नळी, बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा. मग शेजारच्या खोलीतून तिचा आवाज आला, "कण्णु मुच्ची, सर." डोळे मिटा. उघडा. डावीकडे बघा, उजवीकडे बघा. दात दाबा. जरा घोरून दाखवा. प्रत्येक हालचालीबरोबर पडद्यावरची त्या त्या तारेची रेघ हलते की नाही, हे ती पाहत होती.

तिने मला काही वेळ आपल्याजवळ बसू दिलं. डोळे मिटल्याबरोबर डोक्याच्या मागच्या तारांवर अल्फा लहरी उमटल्या, सेकंदाला आठ-दहा, एकसारख्या. वीस-बावीस मिनिटांनी त्या विरल्या, डोळ्यांच्या रेघा संथ डोलू लागल्या. "मलगतायिद्दारे," ती म्हणाली, झोपताहेत. थोड्या वेळाने एक मोठी उलटसुलट उसळी आली आणि तिच्या पाठोपाठ एक छोटा, दाट फुगवटा. मी पुस्तकांत किती वेळा पाहिलेला! तिने बोट ठेवलं: स्पिंडल. ज्या माणसाशी चाळीस वर्षं संसार केला, त्याच्या मेंदूत दर रात्री हे होत आलं आहे, आणि मी ते पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. मला भरून आलं.

झोपेची नोंद ३० सेकंदांच्या पानांत वाचतात. साडेसात तासांची झोप म्हणजे ९०० पानं. तज्ज्ञ ती एकेक पाहून ठरवतात, हे पान हलक्या झोपेचं, हे स्पिंडलचं, हे गाढ, हे स्वप्नाचं. अशी चार-पाच आवर्तनं रात्रभर, एकेक साधारण दीड तासाचं. यांच्या नोंदीत मात्र पानं नीट लागतच नव्हती. श्वासाची रेघ सपाट होई, ऑक्सिजनचा आकडा खाली येई, आणि मग मेंदूच्या रेघा एकदम जागेपणाच्या होत. काही सेकंदच. पुन्हा झोप. पुन्हा तेच. गाढ झोपेच्या दाराशी जाऊन माणूस परत येत होता.

सकाळी सहाला त्यांना विचारलं, झोप कशी लागली? "छान लागली की," म्हणाले.

९ डिसेंबर, सोमवार

अहवाल आला. झोपेतला श्वासरोध, मध्यम स्वरूपाचा. तासाला ५ ते १५ वेळा श्वास अडला तर सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. यंत्राने हवेचा हलका दाब देऊन घसा उघडा ठेवायचा, हा उपाय सुरू होईल. वजनही उतरवायचं आहे.

माझ्या ओळखीतले कितीतरी पुरुष, आणि पाळी गेल्यानंतरच्या बायकाही, घोरण्याला थट्टेचा विषय समजतात. ज्यांच्या झोपेचे रात्रभर तुकडे होतात त्यांना सकाळी त्यातलं काही आठवत नाही. मात्र दिवसा नावं सुचत नाहीत, वाचलेलं राहत नाही, चिडचिड होते. मग सगळे म्हणतात, वय झालं. ही तपासणी करून घ्या, असं मी आता प्रत्येकाला सांगते.

वयाचंही आपलं आहेच. कॅलिफोर्नियात ब्रायस मँडर आणि मॅथ्यू वॉकर यांनी २०१३ मध्ये तरुण आणि वृद्धांना शब्दजोड्या शिकवून झोपवलं. वृद्धांच्या कपाळामागचा भाग झिजलेला, त्यामुळे मंद लहरी कमजोर, आणि लहरी कमजोर म्हणून सकाळी शब्द कमी आठवले, अशी साखळी त्यांना दिसली. २०१८ मध्ये त्याच गटातल्या रँडॉल्फ हेल्फरिख यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. वृद्धांच्या मेंदूत स्पिंडल लहरीच्या नेमक्या टोकावर पडत नाही, जरा आधीच येऊन जातो. क्षणाचा फरक, पण त्याने आठवण हुकते.

सासूबाईंच्या डॉक्टरांशी आज यावर सविस्तर बोलणं झालं. सासूबाई बरीच वर्षं झोपेची एक जुनी गोळी घेतात, बेन्झोडायझेपिन गटातली. या गोळ्यांनी स्पिंडल वाढतात, पण गाढ झोपेच्या मंद लहरी कमी होतात. तास भरतात, आणि जे काम व्हायचं ते तसंच राहतं. म्हाताऱ्या माणसाला तोल जाऊन पडायची भीती वेगळीच. डॉक्टरांनी मात्रा आठवड्या-आठवड्याने कमी करायला सांगितली आहे. अशी गोळी मनाने एकदम बंद करायची नसते, ते धोक्याचं असतं. दुपारची झोप अर्ध्या तासावर, संध्याकाळी ब्यूगल रॉकच्या बागेत फेरी, सकाळचं ऊन. "मला काही तुमचं शास्त्र कळत नाही, पण फिरायला आवडेल," सासूबाई म्हणाल्या.

१४ डिसेंबर, शनिवार

दत्तजयंती. संध्याकाळी जन्मोत्सवाला बरीच मराठी मंडळी भेटली. कुणीतरी इगतपुरीला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करून आलं होतं, तिथून झोपेचा विषय निघाला.

याच शहरात झालेलं काम त्यातल्या कुणाला ठाऊक नव्हतं. निम्हान्सच्या बिंदू कुट्टी आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं विपश्यना करणाऱ्या, ३० ते ६० वयाच्या पुरुषांची रात्रभराची झोप नोंदवली आणि ध्यान न करणाऱ्यांशी ताडून पाहिली. २०१० साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. न करणाऱ्यांमध्ये वयाबरोबर गाढ झोप ठळकपणे घटत गेली होती. साधकांमध्ये ती बरीच टिकून होती, आणि स्वप्नांची झोपही जास्त होती. मला या कामाचा अभिमान वाटतो. तरी मी मंडळींना एवढं सांगितलंच, की दोन गटांची तुलना म्हणजे कारणाचा पुरावा नव्हे. रोज ध्यानाला बसणारा माणूस वेळेवर जेवतो, वेळेवर निजतो, बहुधा दारू पीत नाही. यातलं कशाने किती, हे वेगळं काढणं अवघड.

एका तरुणाने डोक्याला बांधायच्या पट्टीबद्दल विचारलं, जी झोपेत बारीक आवाज करून लहरी वाढवते. याचं मूळ खरं आहे. २०१३ साली जर्मनीत हाँग-व्हिएट न्गो आणि यान बॉर्न यांनी मंद लहरीच्या ठेक्याशी जुळवून हलके आवाज ऐकवले, तेव्हा लहरी आणि स्मरण दोन्ही वाढले. आवाज लहरीशी जुळला नाही तर मात्र फायदा नाही. प्रयोगशाळेतली ती अचूकता बाजारातल्या कुठल्याही पट्टीत असेल असं मी धरून चालणार नाही. त्या पैशात खिडक्यांना जाड पडदे शिवावेत.

१८ डिसेंबर, बुधवार

भाचीने वेळापत्रक बदललं. रात्री साडेदहा ते सकाळी साडेपाच. चौकटीत तिने स्वतःच लिहिलंय: 'पुन्हा उजळणी'. झोपण्याआधी अर्धा तास जीवशास्त्र, कारण त्यात पाठांतर जास्त. मोबाईल माझ्या खोलीत. ती म्हणते, वर्गातल्या मैत्रिणींना पटत नाही, आणि त्यांच्या घरी तर आणखीच नाही. एकीचे वडील दोन वाजता उठून ती जागी आहे ना हे बघतात.

त्या वडिलांना, आणि बसवनगुडीतल्या, पुण्यातल्या, लातूरच्या क्लासच्या गल्ल्यांतल्या सगळ्या आई-बाबांना माझं हात जोडून सांगणं आहे. तुमचं मूल रात्री दोनला जागं दिसतं, तेव्हा ते दिवसा शिकलेलं टिकवण्याची वेळ गमावत असतं. या वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी, असं जगभरचे झोपतज्ज्ञ सांगतात. सात मिळाले तरी आमच्या घरात आज आम्ही आनंद मानतो आहोत. क्लासवाल्यांनी पहाटे पाचची बॅच बंद करावी. दिवसाला दुसरे तास आहेत.

आणि शेजाऱ्यांना एक विनंती. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून लागू आहेत. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि त्या वेळात उघड्यावर लाउडस्पीकर लावायला बंदी. सणा-उत्सवांना राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. परिषेला ती सूट जरूर घ्या, मीही शेंगा घ्यायला येईन. बाकीच्या रात्री दहाला कर्णे उतरवा, बांधकामाची यंत्रं थांबवा. याच गल्लीत परीक्षेची मुलं आहेत, सासूबाईंसारखी हळव्या झोपेची म्हातारी माणसं आहेत. त्यांना झोपू द्या.